लॉजवरचा छापा आणि त्यामागचा कायदा

‘महामार्गालगतच्या लॉजवर छापा, दोन महिलांची सुटका, व्यवस्थापक ताब्यात.’ पनवेल असो, रत्नागिरी असो की सावंतवाडी, जिल्हा आवृत्तीत अशी सात-आठ ओळींची बातमी अधूनमधून येते. दुपारपर्यंत ती वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते आणि खाली प्रश्न सुरू होतात. बाईवर गुन्हा नाही, मग लॉजवाल्यावर कसा? गिऱ्हाइकाचं नाव कुठं गेलं? सुटका झाली म्हणजे ती घरी गेली का? आणि मुळात हे आपल्याकडे कायदेशीर आहे की बेकायदेशीर?

शेवटच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही. ते नसल्यामुळे दलालाचं फावतं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा खोलीतली बाई मोजते. म्हणून जरा बैजवार बघू.

‘पिटा’ म्हणजे काय

बातमीच्या शेवटी ‘पिटा अन्वये गुन्हा दाखल’ असं असतं. हा १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा. १९५० मध्ये न्यूयॉर्कला माणसांच्या व्यापाराविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला अनुसरून भारतानं तो केला. सुरुवातीला तो फक्त स्त्रिया आणि मुलींबद्दल होता. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्यात पुरुष आणि तृतीयपंथीही आले.

हा कायदा मुख्यतः बाजार चालवणाऱ्यांसाठी केलेला आहे. कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जाणूनबुजून जागा देणं, कुणाला फूस लावून किंवा पळवून या कामात आणणं, कुणाला डांबून ठेवणं, दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं, हे सगळे गुन्हे आहेत. पण एखाद्या प्रौढ व्यक्तीनं एकटीनं, आपल्या मर्जीनं, खासगी जागेत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवले, तर तेवढ्याच कृतीला या कायद्यात शिक्षा नाही. हे वाचून अनेकांना धक्का बसतो. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी एका निकालात हे स्पष्टच म्हटलं, आणि कोकणातले जिल्हे त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतात.

गोंधळ पुढे आहे. शिक्षा नाही म्हणतानाच कायदा त्या बाईच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं गुन्ह्यात ओढतो. कल्पना करा, उद्या कायदा म्हणाला की समुद्रात जाऊन मासे पकडायला हरकत नाही. पण होडी भाड्यानं देणारा गुन्हेगार. दोघींनी मिळून एक होडी वापरली तर ती होडी म्हणजे अड्डा. देवळापासून, शाळेपासून दोनशे मीटरच्या आत पाटी टेकवली तर गुन्हा. ‘घ्या गो ताजी सुरमय’ अशी हाळी दिली तर गुन्हा. आणि त्या पैशांवर घरातली म्हातारी आई जगत असेल, तर तीही कचाट्यात. मासे पकडायला तेवढी मोकळीक.

‘पिटा’ची रचना अगदी अशीच आहे. दोन स्त्रियांनी आपापल्या फायद्यासाठी मिळून एक खोली वापरली तरी कुंटणखान्याची व्याख्या तिला लागू होते. म्हणजे जिला सोबतीची, सुरक्षिततेची गरज सर्वांत जास्त, तिला कायदा एकटं राहायला सांगतो. अठरा वर्षांवरच्या कुणीही जाणूनबुजून तिच्या कमाईवर जगणं हा कलम ४ खाली गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. न्यायालयं हे कलम तारतम्यानं वापरू शकतात, पण पोलिसांची धमकी द्यायला ते आहे तसंच पुरतं. हाळीचं कलम आठवं. उघड्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषानं केला तर सात दिवस ते तीन महिने. एकाच कृतीला बाईला जास्त आणि पुरुषाला कमी कमाल शिक्षा देणारं हे कलम आजही पुस्तकात आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

पैसा कुणाच्या हातात जातो

कोकणात कामाठीपुऱ्यासारखी मोठी, जुनी वस्ती नाही. आपल्याकडे हा व्यवहार लॉज, भाड्याची खोली, मसाज पार्लर आणि आता मुख्यतः मोबाइलवर चालतो. गिऱ्हाईक फक्त ‘मुंबईहून आलेला पर्यटक’ असतो ही आपली सोयीची समजूत. महामार्गावरचे ट्रकचालक, औद्योगिक वसाहतींतले कंत्राटी कामगार, बंदरांवर घरापासून महिनोन् महिने लांब राहणारे खलाशी, आणि आपल्याच गावातले, आपल्याच ओळखीचे पुरुष, असे सगळे त्यात आहेत.

बाई बहुधा बाहेरची असते. कधी दुसऱ्या जिल्ह्यातली, कधी दुसऱ्या राज्यातली, कधी नेपाळ किंवा बांगलादेशातली. तिला भाषा येत नाही, गाव माहीत नसतं, मोबाइल आणि कागदपत्रं दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतात. गिऱ्हाईक देतो त्या रकमेतून खोलीवाला आपला वाटा काढतो, दलाल आपला काढतो, तिला आणणारा ‘तुझ्यावर झालेला खर्च’ कापतो. हा खर्च म्हणजे उचल: प्रवास, कपडे, जेवण, घरी पाठवलेली आगाऊ रक्कम. हिशेबाची वही दलालाकडे असते, त्यामुळे उचल फिटली हे ठरवणाराही तोच. साखळदंड न लावता माणसाला बांधून ठेवायची ही सर्वांत जुनी रीत, आणि कायद्याच्या भाषेत हीच तस्करी ठरू शकते. पळवून आणलेली मुलगी म्हणजेच तस्करी असं नाही. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून शोषणासाठी आणणं, कर्जाच्या दबावाखाली ठेवणं हेही त्यात येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली याला किमान सात वर्षं सक्तमजुरी आहे, आणि बळी अल्पवयीन असेल तर किमान दहा.

दलालाला कायद्यातली संदिग्धता सोयीची असते. ‘पोलिसांकडे गेलीस तर तुलाच आत टाकतील’ हे तिला सांगणं त्याला पुरतं. तिला कायदा माहीत नसतो, आणि पोलिसांचा तिचा आजवरचा अनुभव त्याचं बोलणं खरं ठरवणारा असतो.

छाप्यात काय होतं, काय व्हायला हवं

पद्धत ठरलेली असते. बनावट गिऱ्हाईक पाठवायचं, नोटांचे क्रमांक आधी नोंदवायचे, इशारा मिळाला की पथक आत शिरतं. वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण नियम आहेत. हा अधिकार विशेष पोलीस अधिकाऱ्याचा, आणि तो निरीक्षक दर्जाच्या खालचा असून चालत नाही. दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यातली एक स्त्री. झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस हव्यात. सापडलेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलिसांनी करायची.

आता ‘सुटका’. बातमी तिथं संपते, पण त्या स्त्रीच्या दृष्टीनं खरी गोष्ट तिथून सुरू होते. तिला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात. वयाची, घरची, पार्श्वभूमीची चौकशी होते आणि तोवर तिला सुरक्षित जागी ठेवतात. तिला संरक्षणाची गरज आहे असं ठरलं, तर दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. अल्पवयीन मुलीसाठी, बळजबरीनं आणलेल्या बाईसाठी ही खरोखरची मदत असू शकते. पण समजा ती तिशीची आहे, गावाकडे दोन मुलं आहेत, आणि ती म्हणते की मला घरी जायचंय. तिला तीन वर्षं दाराला बाहेरून कडी असलेल्या इमारतीत ठेवलं, तर त्याला सुटका म्हणायचं कसं? गुन्हा तिच्यावर नाही, पण बंद तीच.

वर उल्लेख केलेला २०२० चा निकाल याच प्रश्नावर होता. मालाडच्या कारवाईत सापडलेल्या विशीतल्या तीन तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश खालच्या न्यायालयानं दिला होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्या प्रौढ आहेत, त्यांना हवं तिथं राहण्याचा, फिरण्याचा, आपला व्यवसाय निवडण्याचा मूलभूत हक्क आहे, त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

गिऱ्हाइकाचं काय?

सार्वजनिक किंवा अधिसूचित जागेत हा प्रकार झाला तर गिऱ्हाइकालाही कलम ७ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एरवी त्याच्यावर गुन्हा दाखल होतो का, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं सारखी नाहीत. काहींनी गिऱ्हाइकाला सोडलं आहे, काहींनी ‘पैसे देऊन या व्यवहाराला प्रवृत्त करणारा’ म्हणून अडकवलं आहे.

दोन ठिकाणी मात्र संशयाला जागा नाही. समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल, तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू होतो. तिथं ‘ती हो म्हणाली होती’ याला शून्य किंमत आहे. आणि समोरची व्यक्ती तस्करीनं आणलेली आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना तिचं लैंगिक शोषण केलं, तर न्याय संहितेच्या कलम १४४ खाली तीन ते सात वर्षं कैद आहे.

‘सर्वोच्च न्यायालयानं हे कायदेशीर केलं ना?’

मे २०२२ मध्ये असे मथळे झळकले होते. ते घाईचे होते. खटला कोलकात्यातला. १९९९ मध्ये देहविक्री करणाऱ्या एका स्त्रीचा निर्घृण खून झाला. आरोपीचं अपील २०११ मध्ये फेटाळताना सर्वोच्च न्यायालय तिथंच थांबलं नाही. अशा स्त्रियांना सन्मानानं जगता यावं म्हणून काय करायला हवं, हे सांगण्यासाठी त्यानं एक समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशींवर न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्या खंडपीठानं १९ मे २०२२ ला आदेश दिला.

समितीनं सुचवलं होतं की स्त्री प्रौढ आणि राजी असेल तर पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, छाप्यात तिला अटक करू नये. यासह काही शिफारशींवर केंद्र सरकारनं आक्षेप नोंदवला होता. ज्यांवर आक्षेप नव्हता त्या न्यायालयानं लगेच लागू केल्या, आणि त्याही छोट्या नाहीत. देहविक्री करणाऱ्या स्त्रीवर बलात्कार झाला तर तिला इतर कुठल्याही स्त्रीसारखेच उपचार आणि कायदेशीर मदत मिळाली पाहिजे. निरोध जवळ सापडला हा गुन्ह्याचा पुरावा मानायचा नाही. इच्छेविरुद्ध संरक्षणगृहात ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा आढावा घेऊन त्यांना सोडायचं. कारवाईच्या बातमीत त्यांची ओळख उघड होईल असं नाव, फोटो छापायचा नाही. आणि राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळालं पाहिजे, तेही त्यावर व्यवसायाची कुठलीही खूण न ठेवता.

निरोधाचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, आणि कोकणानं तरी तो हलक्यात घेऊ नये. १९९० च्या दशकात मुंबईत तपासणी झालेल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास एचआयव्हीबाधित आढळत होत्या. त्याच मुंबईत आपले चाकरमानी गाळ्यांत एकेकटे राहत होते आणि शिमग्याला, गणपतीला गावी येत होते. ज्या बाईनं आजार थांबवायला पिशवीत निरोध ठेवला, तिला त्याच निरोधावरून पकडायचं म्हणजे साथीला वाट मोकळी करून देणं. देशभरात हा आजार आटोक्यात आला तो या स्त्रियांनीच एकमेकींपर्यंत माहिती आणि निरोध पोचवले म्हणून. घाटापलीकडे सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या त्यांच्याच संघटनेनं हे काम उभं केलं.

‘पण कोण बाई मनापासून हे करील?’

हा आक्षेप मला ढोंगी वाटत नाही. विचारणाऱ्याच्या मनात कळवळा असतो. नवरा गेलेला, शिक्षण नाही, दोन मुलं, काजूच्या कारखान्यात किंवा घरकामात मिळणारी मजुरी अपुरी, अशा स्थितीत केलेल्या निवडीला निवड म्हणायचं का?

माझं मत असं की निवड अडचणीतली आहे म्हणून ती बाईच्या हातून काढून घेता येत नाही. परिस्थितीनं रेटलेली बाई आणि माणसानं डांबलेली बाई यांत कायद्यानं फरक करायलाच हवा, कारण दोघींना लागणारी मदत वेगळी आहे. डांबलेलीला पोलीस हवेत, दार फोडायला. रेटलेलीला रेशन कार्ड, बँकेचं खातं, मुलांच्या शाळेचा दाखला, दुसऱ्या कामाचा खराखुरा पर्याय हवा, आणि तो येईपर्यंत मारहाण न होण्याची हमी. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला सांगितलं. महाराष्ट्र सरकारनं त्या वर्षी तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळकरी मुलं असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. अशा मदतीनं दलालाच्या उचलीची गरज थोडी तरी कमी होते.

पर्याय न देता दार बंद केलं की काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये राज्यानं डान्स बारवर बंदी घातली. रायगडातले बार हा त्या वादाचा मोठा भाग होता. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. बंदीमुळे नाचून पोट भरणाऱ्या अनेक स्त्रियांना नाइलाजानं देहविक्रीकडे वळावं लागलं, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयानं त्यात केली आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी म्हणून उचललेलं पाऊल होतं ते.

‘मोकळीक दिली तर धंदा वाढेल’

जगात तीन-चार वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. स्वीडननं १९९९ मध्ये विकणारीला मोकळं ठेवून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. नॉर्वे आणि फ्रान्स पुढे त्याच वाटेनं गेले. पाठीराखे म्हणतात, मागणी घटते. त्या देशांतल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या संघटना म्हणतात, घाबरलेलं गिऱ्हाईक आडबाजूला बोलावतं आणि धोका आमचा वाढतो. जर्मनीनं २००२ मध्ये कायद्यानं मान्यता देण्याची वाट धरली, २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. तिथं मोठमोठे अड्डेवाले गबर झाल्याची टीका होते. न्यूझीलंडनं २००३ मध्ये प्रौढांची राजीखुशीची देहविक्री गुन्ह्यातून पूर्ण बाहेर काढली. तिथं चार जणींपर्यंत मिळून एका जागेत परवान्याशिवाय काम करू शकतात. आपल्याकडे दोघी जमल्या की कुंटणखाना होतो. पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी स्त्रियांना न्यूझीलंडनं या मोकळिकीबाहेर ठेवलं, आणि शोषणाचा धोका त्यांनाच जास्त राहिला.

यातली कुठलीही वाट जशीच्या तशी उचलून आणावी असं मी म्हणणार नाही. पण दोघींनी मिळून खोली घेतली म्हणजे कुंटणखाना, आणि कमावत्या बाईच्या पैशांवर जगणारी आई किंवा सज्ञान मुलगा म्हणजे गुन्हेगार, या दोन गोष्टी काढून टाकल्या तर दलालाचं एक हत्यार कमी होईल आणि तस्करीविरुद्धची कलमं जराही बोथट होणार नाहीत.

मोबाइलमधला बाजार

प्रौढ माणसानं खासगीत अश्लील चित्रफीत पाहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. ती प्रसारित करणं गुन्हा आहे, आणि ग्रुपवर पुढे ढकलणं हेही प्रसारणच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ अ खाली लैंगिक कृत्याच्या चित्रफितीला पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. मुलांच्या बाबतीत तर पाहणंही गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये फोनमध्ये साठवण्याबद्दलही पॉक्सोखाली कडक अर्थ लावला. छाप्यात चित्रित केलेली, तोंड झाकून रडणाऱ्या बाईची क्लिप वाडीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आपलं गाव लहान आहे. तिच्या गावीही असाच ग्रुप असतो.

दुसरा प्रकार फसवणुकीचा. कुठल्याही पर्यटन गावाचं नाव टाकून ‘सेवा उपलब्ध’ अशी जाहिरात करायची, आगाऊ पैसे घ्यायचे आणि गायब व्हायचं. किंवा व्हिडिओ कॉल करून समोरच्याला नको त्या अवस्थेत चित्रित करायचं आणि मग पैसे उकळत राहायचे. लाजेपोटी तरुण मुलं कर्ज काढून पैसे भरतात, काही जिवाचं बरंवाईट करून घेतात. त्या मुलाला ओरडू नका. पैसे भरणं थांबवा, फोनमधला मजकूर पुसू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. त्याची उत्सुकता हा गुन्हा नाही, त्याच्याकडून पैसे उकळणं हा गुन्हा आहे.

लॉज आणि होमस्टेवाल्यांसाठी

किनाऱ्यावर घराघरांत होमस्टे झाले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. जागेचा असा वापर होतोय हे माहीत असून ती दिली, तर मालकालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. झडतीत तुमची जागा सापडली आणि तशी बातमी त्या भागात वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात आली, तर तुम्हाला माहीत होतं असं कायदा गृहीत धरतो, आणि माहीत नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. देऊळ, शाळा, रुग्णालय दोनशे मीटरच्या आत असेल तर हॉटेलचा परवाना तीन महिने ते एक वर्ष निलंबित होऊ शकतो. शहरात राहून मालकी ठेवणाऱ्यांनी तर हे माहीत करून घ्यावंच, कारण ‘व्यवस्थापकानं केलं’ एवढं सांगून सुटका होतेच असं नाही.

पण भीतीपोटी प्रत्येक जोडप्याकडे लग्नाचा दाखला मागू नका. दोन प्रौढांनी खोली घेणं हा गुन्हा नाही. नोंदवही नीट ठेवा, प्रत्येकाचं ओळखपत्र पाहा, परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवण्याचा ठरलेला फॉर्म भरा. आणि नजर ठेवायची तर या गोष्टींवर: सोबतचा माणूस मुलीला स्वतः बोलू देत नाही, तिचं ओळखपत्र त्याच्या खिशात आहे, ती खोलीबाहेर येत नाही पण खोलीत येणारे बदलत राहतात, ती वयानं लहान दिसते.

असं दिसलं तर दार ठोठावून जाब विचारू नका, चार पोरं गोळा करू नका, फोटो काढू नका. गर्दी झाली की दलाल मागच्या दारानं निघतो आणि मुलगी त्या गर्दीच्या तावडीत सापडते. लहान वाटत असेल तर १०९८, प्रौढ स्त्री असेल तर १८१, जिवाला धोका दिसत असेल तर ११२. खोलीचा क्रमांक, गाडीचा नंबर, त्या माणसानं नोंदवहीत लिहिलेलं नाव, एवढं सांगा. मुलगी कुठल्या भाषेत बोलतेय हे कळलं असेल तर तेही सांगा. पथकाला ती भाषा येणारी बाई सोबत आणता येते, आणि मग त्या मुलीचं म्हणणं दलालाच्या तोंडून ऐकावं लागत नाही.